विरघळणारे टाके, विरघळणाऱ्या जाळ्या आणि त्यांची हत्यारं: निवड कशी करायची, फसतं कुठे

शल्यक

नव्या ओटी (ऑपरेशन थिएटर) स्टाफकडून आणि विद्यार्थ्यांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे "हा टाका किती दिवसांत विरघळतो?" दोरा निवडताना या उत्तराचा फारसा उपयोग नाही. दोरा ताण किती दिवस पेलतो, ते विचारा. ताकद आधी जाते. दोरा शरीरातून नाहीसा होतो तो त्यानंतर कित्येक आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी.

रोजच्या वापरातले आकडे असे. व्हिक्रिल, म्हणजे पॉलीग्लॅक्टिन ९१०, दोन आठवड्यांनी सुमारे ७५% ताकद राखतो, तीन आठवड्यांनी ५०%, चार आठवड्यांनी २५%. पूर्ण शोषला जातो ५६ ते ७० दिवसांत. व्हिक्रिल रॅपिडची ताकद पाचव्या दिवशीच निम्मी होते आणि १०-१४ दिवसांत संपते. रंग नसलेला मोनोक्रिल पहिल्या आठवड्याला ५०-६०%, दुसऱ्याला २०-३०%. म्हणजे ताकदीच्या बाबतीत तो व्हिक्रिलपेक्षा लवकर हार मानतो, पण शरीरात मात्र ९१ ते ११९ दिवस राहतो. पीडीएस, म्हणजे पॉलीडायॉक्सॅनोन, ३-० (शून्याआधीचा आकडा जितका मोठा, दोरा तितका बारीक) आणि त्याहून जाड असेल तर दोन आठवड्यांनी ८०%, चार आठवड्यांनी ७०%, सहा आठवड्यांनी ६०%. तो पूर्ण जायला सहा ते आठ महिने लागतात. ४-० आणि त्याहून बारीक पीडीएसचे आकडे वेगळे आहेत: दोन आठवड्यांनी ६०%, चार आठवड्यांनी ४०%. हा फरक बरेच जण विसरतात.

आता ऊतींकडे या. मूत्राशय सुमारे तीन आठवड्यांत जवळपास मूळ ताकदीवर येतो. जठर आणि लहान आतडंही दोन-तीन आठवड्यांत सावरतं. पोटाच्या भिंतीचं फॅशिया (स्नायूंवरचं चिवट आवरण) मात्र महिनोन्महिने कमजोर असतं, आणि त्वचा तीन महिन्यांनीही ८०% च्या आसपासच पोचते. त्यामुळे मूत्राशयाला व्हिक्रिल चालतो, फॅशियाला तोच कमी पडतो.

जाळ्या (हर्नियात पोटाच्या भिंतीला आधार देणाऱ्या), टॅकर (जाळी टाचणारं हत्यार), स्टेपलर, नीडल होल्डर (सुई धरायचं हत्यार), सगळ्यावर इथे लिहूया. फक्त नेमकं लिहा, "आम्ही वर्षानुवर्षं हेच वापरतो" याला पुरावा म्हणत नाहीत.

निवासी_क्र_२

मग मध्यरेषेवरचा पोटाचा छेद शिवताना १ नंबरचा जाड लूप (दोन्ही टोकं एकाच सुईत असलेला दुहेरी) पीडीएस घ्यायचा की २-०? दोन्ही प्रकारे शिकवलेलं पाहिलं आहे. बारीक दोऱ्याने एवढी मोठी जखम शिवायची म्हटलं की धाकधूक होते.

शल्यक

धाकधूक दोऱ्याबद्दल वाटते, पण दोरा तुटून पोट उघडणं विरळा. दोरा ऊती कापत जातो आणि टाका सैल पडतो, ही नेहमीची तऱ्हा. मोठा घास (एका टाक्यात धरलेली ऊती) घेतला की फॅशियाबरोबर स्नायू आणि चरबीही टाक्यात येते. ती दबून मरते, आकसते, आणि काल घट्ट दिसणारा टाका आठवड्याभरात ढिला होतो. कडा अलग व्हायला तेवढं पुरतं.

२०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या 'स्टिच' चाचणीने हेच तपासलं. नियोजित शस्त्रक्रिया, मध्यरेषेतला छेद, ५६० रुग्ण. एका गटाला १ सेमीचे घास आणि १ सेमी अंतर, जाड दुहेरी लूप. दुसऱ्याला २-० पीडीएस, ३१ मिमीची सुई, कडेपासून ५ मिमीचा घास आणि दोन टाक्यांत ५ मिमी अंतर. वर्षाअखेर छेदाच्या जागी हर्निया पहिल्या गटात २१%, दुसऱ्यात १३%.

करण्याची पद्धत:

छेदाच्या दोन्ही टोकांपासून दोन वेगळे दोरे सुरू करा आणि मध्ये ते किमान २ सेमी एकमेकांवरून जाऊ द्या. सुई फक्त फॅशियातून. चरबी आधी बाजूला सारून कड स्पष्ट दिसू द्या, नाहीतर ५ मिमी कुठून मोजणार? सहायकाने दोरा नुसता धरून ठेवायचा, ओढून आवळायचा नाही. कडा एकमेकींना टेकल्या की थांबा.

शेवटी हिशोब. वापरलेल्या दोऱ्याची लांबी भागिले जखमेची लांबी किमान ४ यायला हवी. ही चार-एकची गोष्ट १९७६ पासून माहीत आहे, पण कापून टाकलेली टोकं मोजायची तसदी कोणी घेत नाही. समजा जखम २४ सेमीची आहे आणि ७० सेमीचे दोन दोरे घेतले, म्हणजे एकूण १४०. गाठींनंतर कापलेली टोकं पट्टीवर ठेवली, एक १८ सेमी, एक २२ सेमी. उरले ४०, वापरले १००. १०० भागिले २४ म्हणजे ४.१७. जेमतेम उत्तीर्ण. हेच उरलेले तुकडे मिळून ५० सेमी भरले असते तर भागाकार ३.७५ आला असता, म्हणजे टाके विरळ पडलेत किंवा जास्त आवळलेत. कापलेली टोकं ट्रॉलीवर एका बाजूला ठेवायला सिस्टरना आधीच सांगून ठेवा.

एक मर्यादा ध्यानात असू द्या: ही चाचणी नियोजित शस्त्रक्रियांची होती. फुगलेल्या आतड्यांच्या आणि पू भरलेल्या तातडीच्या पोटावर तेच टक्के जसेच्या तसे लावू नका.

बहुवारिक

थोडं रसायन, कारण त्याशिवाय वरचे आकडे पाठांतरच राहतील.

जुनं कॅटगट मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यातल्या कोलॅजेनचं. ते शरीरातली एन्झाइम्स खातात, म्हणून त्याचा वेग माणसागणिक आणि जागेगणिक बदलतो. जंतुसंसर्ग असेल तर ते फार लवकर जातं. गुरांच्या मेंदूविकाराच्या भीतीने युरोपात २००१ च्या सुमारास ते बाजारातून गेलं. कृत्रिम दोरे पाण्याने तुटतात. पाण्याचा रेणू आत शिरतो, एस्टर बंध तोडतो, लांब साखळीचे तुकडे होतात. साखळ्या लहान झाल्या की ताकद जाते, पण वजन तेवढंच राहतं. तुकडे विरघळण्याइतके बारीक झाले की मगच वजन घटतं. शल्यक यांनी दिलेल्या दोन वेगळ्या मुदतींमागचं कारण हेच.

पॉलीग्लायकोलिक आम्लात पाणी चटकन शिरतं. लॅक्टिक आम्लाला जास्तीचा मिथाइल गट असतो, तो पाणी दूर ठेवतो, म्हणून शुद्ध पॉली-एल-लॅक्टिक आम्ल वर्षानुवर्षं राहतं. ९१० चा अर्थ ९० भाग ग्लायकोलाइड, १० भाग लॅक्टाइड. प्रमाण बदललं की मुदत बदलते.

जागेचा पीएच विसरू नका. अल्कधर्मी वातावरणात ग्लायकोलाइडचे दोरे झपाट्याने कमजोर होतात. प्रोटियससारख्या जंतूंनी लघवी अल्कधर्मी केली असेल तर व्हिक्रिलची छापील मुदत धरून चालू नका. स्वादुपिंडाच्या रसातही तेच होतं. तिथे पॉलीडायॉक्सॅनोन जास्त टिकतो.

आणि मोठ्या तुकड्यांचं एक वेगळं दुखणं. बारीक दोऱ्यातून आम्ल लगेच बाहेर निघून जातं. हाडात बसवायच्या जाड विरघळणाऱ्या स्क्रू किंवा अँकरच्या गाभ्यात ते साचतं आणि आतूनच विघटनाला वेग देतं. बाहेरून अखंड दिसणारा तुकडा आतून पोकळ झालेला असतो. मग एके दिवशी कवच फुटतं आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर येतं. काही आठवडे किंवा महिने ठीक असलेल्या जागी अचानक सूज येते, स्राव येतो, कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. अशा वेळी अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स देण्याआधी इम्प्लांट कशाचं होतं ते ऑपरेशन नोटमध्ये पाहा.

वाफ_आणि_दाब

निर्जंतुकीकरण विभागाची बाजू.

उघडलेलं पाकीट, न वापरलेला दोरा, "परत ऑटोक्लेव्ह करून ठेवा" असं सांगितलं जातं. करू नका. पॉलीडायॉक्सॅनोन ११० अंशांच्या आसपास वितळतो आणि वाफेचं चक्र १२१ किंवा १३४ अंशांचं असतं. व्हिक्रिल वितळणार नाही, पण उष्ण वाफ म्हणजे नेमकं त्याला तोडणारं पाणी. दिसायला दोरा तसाच, गाठ मारताना तुटणार. गॅमा किरणांनीही साखळ्या तुटतात. व्हिक्रिल रॅपिडमध्ये हे मुद्दाम केलेलं असतं, म्हणूनच तो रॅपिड. कारखान्यात बहुतेक दोऱ्यांना इथिलीन ऑक्साइड देतात आणि ओल पूर्ण काढून फॉइलमध्ये बंद करतात. फॉइल फुटली की हवेतली ओल काम सुरू करते. म्हणून उघडलेलं त्याच केसमध्ये वापरा, नाहीतर टाका.

साठवण २५ अंशांखाली, कोरड्या जागी. ऑटोक्लेव्हच्या खोलीला लागून असलेल्या कपाटात विरघळणारा माल ठेवलेला दिसला तर आधी कपाट हलवा.

आता हत्यारं. सोनेरी मुठीचा नीडल होल्डर म्हणजे जबड्यात टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या दात्यांचं अंतर ठरलेलं असतं: ३-० आणि जाड दोऱ्यांच्या सुयांना ०.५ मिमी, ४-० ते ६-० ला ०.४, त्याखाली ०.२ किंवा गुळगुळीत. जाड दात्यांत बारीक सुई धरली की ती वाकते किंवा फिरते. बारीक दात्यांत जाड सुई धरली की पट्टीला तडा जातो, आणि तो तडा भिंगाशिवाय दिसत नाही.

तपासणी सोपी आहे. त्या होल्डरला शोभेल अशी सुई जबड्याच्या टोकाला धरा, रॅचेट (मुठीतलं खाचांचं कुलूप) दुसऱ्या खाचेवर लावा आणि सुई बोटांनी फिरवून पाहा. फिरली तर होल्डर दुरुस्तीला. नंतर रॅचेट पहिल्याच खाचेवर ठेवून मूठ टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा. आपोआप उघडला तरी दुरुस्तीला. मिटलेले जबडे उजेडासमोर धरा. टोकाला फट दिसली की समजा कोणीतरी त्याने वायर पिळली आहे.

निवासी_क्र_२

एकपदरी दोऱ्याला गाठी किती? आणि दोरा नीडल होल्डरने धरला तर खरंच फरक पडतो का?

शल्यक

पडतो. पीडीएस आणि मोनोक्रिल एकपदरी असतात. दात्यांनी ओरखडा पडला की पुढे ताण आला तर तिथूनच तुटतो. जे टोक कापून जाणार आहे तेवढंच हत्याराने धरा. विणलेल्या व्हिक्रिलला एक-दोन धागे चिरले तरी बाकीचे सांभाळून घेतात, तरीही सवय नको.

गाठी: विणलेल्याला सर्जन्स नॉट (पहिल्या फेऱ्यात दोनदा गुंडाळलेली गाठ) आणि वर दोन चौकोनी फेरे सहसा पुरतात. पीडीएसला पाच-सहा, तेही सपाट आणि एकाआड एक उलट दिशेने. एकाच दिशेने मारलेले सहा फेरेही घसरतात. टोक ३ मिमी ठेवा. त्वचेखाली मोनोक्रिलची गाठ खोल पुरली नाही, तर काही आठवड्यांनी ती फोडासारखी वर येते आणि रुग्ण "पू झाला" म्हणून परत येतो. अशा वेळी चिमट्याने टोक काढून टाकलं की बहुतेकदा काम संपतं.

जाळीवाला

जाळ्यांवर मी लिहितो, कारण इथे जाहिरात आणि पुरावा यांत सर्वात मोठी दरी आहे.

विरघळणाऱ्या जाळ्यांचे ढोबळ तीन वर्ग. व्हिक्रिलची जाळी दोन-तीन महिन्यांत जाते. ती हर्निया दुरुस्त करत नाही. उघडं ठेवावं लागलेलं पोट काही आठवडे झाकते, खाली दाणेदार ऊती येतात, वर त्वचारोपण होतं आणि नंतर हर्निया होणारच, हे गृहीत धरून वापरायची. दुसरा वर्ग मधला: ग्लायकोलाइड आणि ट्रायमिथिलीन कार्बोनेटची बायो-ए, सहा-सात महिने. तिसरा संथ: पी४एचबी नावाच्या बहुवारिकाची फेझिक्स, १२ ते १८ महिने. टायगरमध्ये दोन जातींचे तंतू एकत्र विणलेले असतात. एक चार महिन्यांत जातो, दुसरा तीन वर्षांपर्यंत राहतो, म्हणजे आधार हळूहळू काढून घेतला जातो. डुकराच्या किंवा मानवी त्वचेपासून बनवलेल्या जैविक जाळ्या वेगळ्याच. त्यांच्यात पेशी शिरून त्या जागी नवी ऊती यावी अशी अपेक्षा असते. अपेक्षाच म्हणतो.

दूषित जागी कायमची पॉलीप्रोपिलीन नको, जैविक घाला, असं बराच काळ शिकवलं गेलं. २०२२ मध्ये दूषित पोटाच्या हर्नियावर २५३ रुग्णांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी हर्निया परत आला तो जैविक जाळीच्या गटात २०.५% जणांत, मध्यम वजनाच्या पॉलीप्रोपिलीनच्या गटात ५.६% जणांत. जंतुसंसर्गाच्या बाबतीत जैविक जाळीने ठळक फायदा दाखवला नाही. त्यात मलाने माखलेली पोटं नव्हती हे खरं. तरीही "दूषित म्हणजे जैविक" हा आंधळा नियम आता टिकत नाही.

दुसरं उदाहरण हायेटस हर्नियाचं (जठर छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकतं तो). डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून केलेली जाळी घातली तेव्हा सहा महिन्यांनी हर्निया परत आला ९% जणांत, नुसते टाके घातलेल्यांत २४%. सगळे खूश. पाच वर्षांनी त्याच रुग्णांत ५४% आणि ५९%. विरघळणाऱ्या कुठल्याही वस्तूचा सहा महिन्यांचा निकाल हातात आला की पहिला प्रश्न हाच: वस्तू अजून शरीरात आहे का? असेल तर ती चाचणी अर्धीच झाली आहे.

बहुवारिक

जाळीवाला, सहमत. एक भर: पी४एचबी सुमारे ६० अंशांना वितळतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अल्ट्रासॉनिक कात्रीची पात थांबल्यावरही काही सेकंद २०० अंशांच्या वर असू शकते. तिने जाळी सरळ करायला गेलात तर भोक. पीडीएसच्या टाक्यालाही पात टेकवू नका.

दुर्बीण

त्या कात्रीवरून पुढे. अल्ट्रासॉनिक पात सेकंदाला ५५,५०० वेळा, ५० ते १०० मायक्रॉन पुढेमागे हलते. ऊती ताणून धरली तर लवकर कापते आणि रक्त येतं, सैल सोडली तर सावकाश कापते आणि नीट बंद करते. रक्तवाहिनी घ्यायची असेल तर सैल. जबड्यात ऊती नसताना चालवली की पांढरी पट्टी जळते, मग पुढे कितीही दाबा, ती नुसती चिवडते. जुनी अल्ट्रासॉनिक कात्री ५ मिमीपर्यंतच्या वाहिन्यांना, नव्या पिढीची आणि बायपोलर सीलर (विजेने वाहिनी बंद करणारं हत्यार) ७ मिमीपर्यंत.

आता टॅकर. विरघळणारे टॅक ५ ते ७ मिमी लांबीचे, प्लॅस्टिकच्या जातीचे, धातूसारखे तीक्ष्ण नाहीत. म्हणून तिरके मारले की आत न शिरता नुसते लोळतात. नळी भिंतीला काटकोनात आणा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून पोट दाबा. जाळीच्या कडेने एक रांग, टॅकमध्ये १ ते २ सेमी, हर्नियाच्या तोंडाभोवती आत दुसरी. प्रत्येक टॅकनंतर जाळी हळूच ओढून पाहा. जांघेच्या हर्नियात इलिओप्युबिक ट्रॅक्टच्या (जांघेतली तंतूंची पट्टी) खाली एकही टॅक नाही: बाहेरच्या बाजूला नसा, आतल्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या. डायफ्रॅमवर हृदयाच्या खाली तर टॅकर नेऊच नका. हृदयाभोवती रक्त साचून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. टॅक विरघळणारा असला तरी तो शिरतो त्या क्षणी टणकच असतो.

काटेरी दोरा (अंगावर बारीक काटे असलेला, गाठ न लागणारा): एकदा ओढला की मागे येत नाही, म्हणून प्रत्येक घास घेतल्यावर लगेच ताण ठरवा. शेवटी दोन घास उलट दिशेने घ्या आणि दोरा ऊतीला लगटून कापा. गाठीच्या सवयीने सेंटिमीटरभर टोक सोडलं की त्याचे काटे आतड्याला किंवा मेसेंटरीला (आतड्याला रक्त पोचवणारा पडदा) पकडतात आणि काही दिवसांनी आतडं अडतं.

परिचारिका_टेबल

स्टेपलरच्या कॅसेटचे रंग कोणीतरी एकदाचे लिहा. केस चालू असताना "निळं द्या, नाही, हिरवं" असा घोळ नेहमीचा.

दुर्बीण

सरळ, कापणाऱ्या स्टेपलरचे नेहमीचे रंग: पांढरं २.५ मिमी पायांच्या पिनांचं, मिटल्यावर १.०, पातळ मेसेंटरी आणि रक्तवाहिन्यांना. निळं ३.५, मिटल्यावर १.५, लहान-मोठ्या आतड्याला. हिरवं ४.१, मिटल्यावर २.०, जठराच्या जाड भागाला. एका कंपनीची जांभळी कॅसेट वेगळ्या उंचीच्या रांगांची असते, तिला या हिशोबात धरू नका. जबडा मिटल्यावर १५ सेकंद थांबून मग चालवा. ऊतीतलं पाणी बाजूला सरतं आणि पिना नीट इंग्रजी B च्या आकारात वळतात. जाड जठरावर निळं मारलं तर पिना पुऱ्या वळतच नाहीत. पातळ आतड्यावर हिरवं मारलं तर रेषेतून रक्त झिरपतं.

रेषेला आधार म्हणून ग्लायकोलाइड-ट्रायमिथिलीन कार्बोनेटची विरघळणारी पट्टी घालणार असाल तर तिची जाडीही मोजा. सीमारेषेवरच्या ऊतीला एक रंग वर जावं लागतं.

परिचारिका_टेबल

धन्यवाद, टेबलावर चिकटवते. आणखी एक: ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचं कापड रक्त थांबल्यावर ठेवायचं की काढायचं? प्रत्येकाचं वेगळं ऐकते.

शल्यक

यकृताच्या पृष्ठभागावर पातळ एक थर राहिला तर चालतं, एक-दोन आठवड्यांत जातो. पण मणक्याजवळ, नस बाहेर पडते त्या हाडाच्या भोकात किंवा डोळ्याच्या नसेच्या आसपास ठेवलंत तर ते रक्त पिऊन फुगतं आणि नस दाबतं. तिथे रक्त थांबलं की सलाइनने भिजवून काढायचंच. कोरडंच लावा, ओलं करून लावलं तर काम कमी करतं. त्यावर थ्रॉम्बिन ओतू नका, कापडाच्या आम्लाने थ्रॉम्बिन निकामी होतं. थ्रॉम्बिन हवंच असेल तर जिलेटिनचा स्पंज घ्या. तो चार ते सहा आठवडे राहतो आणि तोही फुगतो, म्हणून बंद जागेत त्यालाही काढण्याचाच नियम.

आणि ठेवलेलं असेल तर नोटमध्ये लिहा. पुढच्या सीटी स्कॅनवर त्यातले हवेचे बुडबुडे हुबेहूब गळूसारखे दिसतात.